उभं राहिल्यावरचं बी.पी.

१९४९ साली मुंबईत दोन गोष्टी झाल्या. तेव्हा कोणी त्यांचा एकमेकींशी संबंध जोडला नसेल. मुंबई प्रांताने नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला, ही एक. दुसरी म्हणजे के.ई.एम.मधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० पेशंटवरचा एक निबंध छापला. विषय होता सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो का. आज या दोन्ही गोष्टी एकाच जागी भेटतात, वृद्धाश्रमातल्या कॉटशेजारच्या औषधाच्या डबीत.

पुणे, ठाणे, नाशिक, कुठेही बघा. मुलं बाहेर, आईवडील 'होम'मध्ये, हे आता कुणाला नवं राहिलेलं नाही. महिन्याचे पैसे वेळेवर जातात, व्हिडिओ कॉल होतात आणि कॉलवर ठरलेला प्रश्न असतो, "गोळ्या घेतल्या ना?" त्या गोळ्या कोण देतं, कशावरून देतं, देण्याआधी काही मोजतं का, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून आज या गोळीचा इतिहास लिहायला घेतलाय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सर्पगंधा आपल्याकडे जुनीच. उत्तरेत तिला सरळ 'पागल की दवा' म्हणायचे. वेड लागलेल्या माणसाला ही मुळी दिली की तो शांत होतो, एवढं लोकांना ठाऊक होतं. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्यातली रसायनं वेगळी काढली. त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून 'अजमलीन' नाव दिलं. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेडावर चालते तशी चढलेल्या रक्तदाबावरही चालते. हे सगळं आपल्याच देशातल्या नियतकालिकांत छापलं गेलं आणि बाहेर कोणी फारसं वाचलं नाही.

वकीलांचा निबंध लंडनच्या नियतकालिकात आला, त्यामुळे तो वाचला गेला. बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ते औषध आपल्या पेशंटना देऊन पाहिलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतलं नेमकं द्रव्य वेगळं केलं, 'रेसर्पिन'. १९५७ साली वकीलांना अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा माणूस का नाही, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. असो.

त्या काळात डॉक्टरांचं मत काय होतं, हे बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. म्हातारपणी नसा कडक होतात, मग रक्त पुढे ढकलायला दाब जास्तच लागणार, तो कमी केला तर उलट धोका, असं भलेभले मानत. 'वयात शंभर मिळवा, तेवढं वरचं बी.पी. चालतं' हा हिशोब आपल्याही घरांत परवापरवापर्यंत चालायचा. माझ्या पिढीतल्या सगळ्यांनी तो ऐकलाय. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं काय झालं बघा. मार्च १९४४ मध्ये तरुण हृदयतज्ज्ञाने तपासलं तेव्हा दाब १८६/१०८. त्यांचे नेहमीचे डॉक्टर मूळचे कान-नाक-घशाचे, त्यांना त्यात फार काळजीचं वाटत नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले तेव्हा आकडा ३००/१९० च्या वर होता. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला द्यायलाही तेव्हा धड औषध नव्हतं.

मग औषधं आली आणि पहिली आली ती भयंकर होती. हेक्झामेथोनियम नावाचं एक औषध १९५० च्या आसपास न्यूझीलंडमध्ये डॉ. स्मर्क यांनी वापरायला सुरुवात केली. इंजेक्शनने द्यायचं. दाब झपाट्याने उतरायचा, पण मुख्यतः माणूस उभा राहिल्यावर. झोपून मोजलं तर आकडा वर, उभं केलं की धाडकन खाली. पेशंट चक्कर येऊन पडायचे. त्यामुळे डॉक्टरांना शिस्त लागली होती: डोस ठरवायचा तो उभ्याने मोजलेल्या दाबावर.

ही शिस्त लक्षात ठेवा. १९५८ च्या सुमारास लघवी वाढवणाऱ्या साध्या गोळ्या आल्या, नंतर बीटा ब्लॉकर, नंतर आजच्या अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन वगैरे. औषधं सौम्य होत गेली आणि पेशंटला उभं करून मोजायची सवय सुटत गेली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात महागात पडलेली विसर आहे. आज कुठल्याही दवाखान्यात जा. खुर्चीत बसा, पट्टा गुंडाळा, आकडा लिहा, झालं.

औषधाने जीव वाचतो याचा पक्का पुरावा यायला १९६७ उजाडलं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी १४३ पुरुष घेतले. खालचा दाब ११५ ते १२९, म्हणजे चांगलाच चढलेला. अर्ध्यांना तीन औषधं (त्यात आपलं रेसर्पिन), अर्ध्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. खोट्या गोळीवाल्यांपैकी २७ जणांना गंभीर दुखणं उद्भवलं, औषधवाल्यांत फक्त २ जणांना. यानंतर वाद मिटला.

पण त्या प्रयोगातली एक बारीक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रयोग सुरू करण्याआधी फ्रीस यांनी सगळ्यांना काही आठवडे खोट्या गोळ्या दिल्या आणि त्यात रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व घातलं. ते लघवीतून बाहेर पडतं आणि अतिनील दिव्याखाली चमकतं. ज्याची लघवी चमकली नाही, त्याने गोळी घेतलेली नाही. शिवाय उरलेल्या गोळ्या मोजल्या. नियमित न घेणाऱ्यांना बाजूला काढलं आणि मगच प्रयोग सुरू केला. म्हणजे 'गोळीने जीव वाचतो' हे जे सिद्ध झालं, ते 'गोळी खरोखर पोटात गेली' हे तपासून घेतल्यावर. पुढे जगभर गोळ्या पोचल्या, ही तपासणी पोचली नाही.

आता नर्सिंग होमकडे वळू. एक खुलासा. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे जिथे परावलंबी म्हातारी माणसं कायमची राहतात ती जागा. आपल्याकडे पाटीवर 'नर्सिंग होम' असलं की ते डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. तिकडच्या नर्सिंग होमचं काम आपल्याकडे वृद्धाश्रम करतात.

१९६५ साली अमेरिकेत वृद्धांच्या उपचाराचा खर्च सरकारने उचलायला सुरुवात केली आणि नर्सिंग होमचं पेव फुटलं. पैसा आला तसे घोटाळेही आले. १९७४ मध्ये नियम झाला की शुश्रूषागृहातल्या प्रत्येक माणसाची औषधं दर महिन्याला फार्मासिस्टने तपासायची. लगेच १९७५ च्या जानेवारीत त्यांच्या सिनेटच्या समितीने नर्सिंग होममधल्या औषधांवर एक स्वतंत्र अहवाल काढला. त्याच्या शीर्षकातच गैरवापर, अवाच्या सवा खर्च आणि कमिशनखोरी हे तिन्ही शब्द आहेत. तिकडे असं उघड छापून येतं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

१९९१ हे वर्ष तर फारच बोलकं आहे. त्या वर्षी 'शेप' नावाच्या मोठ्या अमेरिकन प्रयोगाचा निकाल आला. साठीच्या पुढचे ४,७३६ लोक, वरचा दाब चढलेला. औषध दिल्यावर पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटले. 'वयात शंभर मिळवा' हा हिशोब तिथे कायमचा पुसला गेला. या प्रयोगात काही जणांना दुसरं औषध म्हणून अगदी छोट्या डोसात रेसर्पिनही दिलं होतं. आणि त्याच वर्षी डॉ. मार्क बीअर्स यांनी नर्सिंग होममधल्या वृद्धांना कुठली औषधं देऊ नयेत, याची एक यादी छापली. त्यात रेसर्पिन होतं. मिथाइलडोपा होतं, प्रोप्रॅनोलॉलही होतं.

एकाच औषधाला एकाच वर्षी एकीकडे जागा आणि दुसरीकडे मनाई. गोंधळ वाटतो, पण नाही. 'शेप'मधले लोक हिंडतेफिरते होते, स्वतःच्या पायाने तपासणीला येत होते. बीअर्स यांच्यासमोरचे लोक अंथरुणाला टेकलेले, आठवण गेलेले, एका वेळी सात-आठ औषधं खाणारे. रेसर्पिनने काहींना उदासी येते, हे पन्नासच्या दशकापासून लिहिलं जात होतं. चालत्याबोलत्या माणसाने 'मला बरं वाटत नाही' असं सांगितलं की डोस कमी होतो. जो सांगूच शकत नाही, त्याची उदासी 'वय झालं आता' या खात्यावर जाते. बीअर्स यांची ती यादी पुढे वाढत गेली आणि आज अमेरिकेतली वार्धक्यतज्ज्ञांची संस्था ती चालवते.

आणि आता ते प्रकरण, जे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. जिभेखालची गोळी.

निफेडिपिनची ती मऊ कॅप्सूल. आत द्रव. बी.पी. २००, पळापळ, नर्स येते, कॅप्सूलला सुईने भोक पाडते, जिभेखाली पिळते, वीस मिनिटांनी पुन्हा मोजते, "उतरलं हो." सगळ्यांना हायसं वाटतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात जगभर हे चालायचं आणि आपल्या गल्लीबोळांतल्या नर्सिंग होममध्ये तर सर्रास. गंमत म्हणजे, ते औषध जिभेखालून फारसं शोषलं जातच नाही. माणूस लाळेबरोबर गिळतो तेव्हा ते लागू पडतं. आणि दाब किती उतरेल यावर कोणाचाच ताबा नसतो. वर्षानुवर्षं उंच दाबाला सरावलेल्या मेंदूला एकदम अर्ध्यावर आणलं, तर रक्तपुरवठाच कमी पडतो. आकडा छान दिसतो आणि माणसाला पक्षाघात होतो किंवा हार्ट अटॅक येतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने या वापराला १९८५ मध्येच मान्यता नाकारली होती. तरी प्रथा चालूच राहिली. १९९६ मध्ये 'जामा' या नियतकालिकात ग्रॉसमन, मेसर्ली आणि सहकाऱ्यांनी तिच्यामुळे झालेल्या अपायांची जंत्री मांडून सरळ विचारलं की हे थांबवायचं की नाही. त्यांचा एक शब्द मला फार आवडला, 'खोटी आणीबाणी'. आकडा मोठा, पण माणसाला छातीत दुखत नाही, धाप नाही, हातपाय नीट, बोलणं नीट. बऱ्याचदा सकाळची गोळी चुकलेली असते, रात्री झोप नसते, लघवी तुंबलेली असते, किंवा नुसतं कोणाशी वाजलेलं असतं. अशा वेळी नेहमीची गोळी, शांत जागा आणि तासाभराने पुन्हा मोजणं, यापलीकडे बहुतेकदा काही लागत नाही. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर मात्र जिभेखाली काही पिळत न बसता तडक हॉस्पिटल.

पुढचा प्रश्न असा की खूप म्हाताऱ्या माणसाचं बी.पी. किती असावं. २००८ मध्ये 'हायवेट' प्रयोगाने ऐंशीच्या पुढच्या ३,८४५ जणांत दाखवलं की औषधाने मृत्यू २१ टक्क्यांनी घटतात. २०१५ मध्ये 'स्प्रिंट'ने सांगितलं की दाब आणखी खाली आणलेला बरा. दोन्हींचा गाजावाजा झाला. पण कोणाला घेतलं नव्हतं, ते वाचा. हायवेटमध्ये स्मृतिभ्रंशाचे आणि ज्यांना शुश्रूषेची गरज आहे असे लोक नव्हते. स्प्रिंटमध्ये नर्सिंग होममधले नव्हते. दोन्ही प्रयोगांत उभं करून दाब मोजला होता आणि उभ्याने कमी भरणाऱ्यांना वगळलं होतं. म्हणजे निकाल खरा, पण तो वृद्धाश्रमातल्या आजींचा नव्हे.

त्या आजींकडे फ्रान्स-इटलीतल्या 'पार्ताज' अभ्यासाने पाहिलं. नर्सिंग होममधले ऐंशीच्या पुढचे १,१२७ लोक. २०१५ मध्ये छापलेलं निरीक्षण असं की वरचा दाब १३० च्या खाली आणि बी.पी.ची दोन किंवा जास्त औषधं चालू, अशांमध्ये मृत्यू जास्त. हे वाचून अनेकांना वाटलं, मग औषधं काढून टाकू, म्हातारे जगतील. तेही तितकं सोपं निघालं नाही. त्याच फ्रेंच गटाने पुढे १,०४८ जणांवर खरा प्रयोग केला, औषधं टप्प्याटप्प्याने कमी केली. २०२५ मध्ये निकाल आला: मृत्यूंमध्ये फरक नाही. कमी केल्याने लोक जास्त जगले नाहीत आणि कमीही जगले नाहीत. मला यातून एवढंच दिसतं की अशा माणसांमध्ये डॉक्टरच्या देखरेखीखाली एखादी गोळी उतरवून बघता येते, त्याने आभाळ कोसळत नाही. आणि हो, ही पोस्ट वाचून कोणी आईची गोळी परस्पर बंद करू नका. क्लोनिडीनसारखी औषधं एकदम थांबवली तर दाब उसळून पहिल्यापेक्षा वर जातो. बीटा ब्लॉकरचंही अचानक थांबवणं वाईट.

आता शेवटच्या हाताकडे, गोळी देणाऱ्याच्या.

इंग्लंडमध्ये २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५५ केअर होम, २५६ रहिवासी. संशोधकांनी औषधं लिहिणं, दुकानातून येणं, देणं आणि तपासण्या करणं, सगळं पाहिलं. दर दहामधल्या सात जणांच्या औषधात निदान एक तरी चूक सापडली. ज्या देशात फॅमिली डॉक्टर सरकारी, फार्मसी नोंदलेली, चार्ट छापील, तिथे ही अवस्था. बहुतेक चुकांनी मोठा अपाय झाला नाही, हेही त्यांनी लिहिलंय. कारणं ओळखीचीच होती. गोळ्या वाटताना मधेच हाक येते. डॉक्टरांना रहिवासी नीट माहीत नसतो. कोणी काय बदललं, ते दुसऱ्याला कळत नाही. २०१४ मध्ये तिथे केअर होममधल्या औषधांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शिका आली.

आपल्याकडचं चित्र डोळ्यासमोर आणा. गोळ्या द्यायला बहुतेकदा मावशी. प्रेमळ, कष्टाळू, रात्रपाळी करून थकलेल्या, आणि औषधाचं शिक्षण शून्य. केमिस्टने पट्टी कापून दिलेली, नेमका नाव असलेला तुकडा गेलेला. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज होऊन आलेल्या आजोबांना तिथल्या डॉक्टरांनी एका ब्रँडची टेल्मिसार्टन लिहिलेली आणि आधीची दुसऱ्या ब्रँडची टेल्मिसार्टन डबीत आहेच. दोन नावं, दोन रंग, औषध एक. दोन्ही चालू. गिळता येत नाही म्हणून गोळी खलात कुटून वरणात कालवतात. साधी गोळी असेल तर बहुधा चालून जातं. पण बारा किंवा चोवीस तास हळूहळू विरघळणारी गोळी कुटली, तर दिवसभराचा डोस एकदम लागतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात अशाच मृत्यूची नोंद आहे. तिथे निफेडिपिनची लांब पल्ल्याची गोळी कुटून नळीतून दिली होती, सोबत दाबाचं आणखी एक औषध. आणि ही चूक मावशींची नव्हे, हॉस्पिटलमधली.

त्यात आपला उन्हाळा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, पंखा गरम हवा फेकतो, आजी पाणी कमी पितात कारण संडासला न्यायला कोणी नाही. वर लघवीची गोळी चालूच. मग एका पहाटे बाथरूमला जायला उठतात आणि पडतात. खुब्याचं हाड मोडतं. केसपेपरवर लिहिलं जातं 'पाय घसरून पडल्या'. आदल्या आठवड्यात कोणी त्यांना झोपवून आणि मग उभं करून, एक आणि तीन मिनिटांनी, दाब मोजला असता तर वरचा आकडा वीसने पडतोय हे कदाचित दिसलं असतं. याला लागतं काय? बाजारात मिळणारं साधं मशीन, पाच मिनिटं, एक वही आणि शेजारी धरायला एक माणूस.

ही वही ठेवायची सक्ती कोणावर आहे, हे शोधायला गेलं की आपण पुन्हा १९४९ च्या कायद्याशी येतो. त्यातली नर्सिंग होमची व्याख्या मजेशीर आहे. आजार आणि इजा यांच्या जोडीला तिथे दुर्बलता हाही शब्द आहे. दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांचे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा नर्सिंग होम. आता अंथरुणाला खिळलेल्या माणसांना महिना पंचवीस-तीस हजार घेऊन ठेवणारी, नळीतून जेवण देणारी, इन्सुलिन टोचणारी जागा या व्याख्येत बसत नाही, असं कसं म्हणता येईल? पण पाटीवर 'वृद्धाश्रम' किंवा 'सीनियर केअर' लिहिलं की ते समाजकल्याणाचं प्रकरण होतं, आरोग्य खात्याचं राहत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी निदान १५० जणांचा एक वृद्धाश्रम सरकारने काढावा. तो निवाऱ्याचा विचार होता, औषधाचा नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात खासगी केअर होमची आणि घरी माणूस पाठवणाऱ्या एजन्सींची नोंदणी, किमान दर्जा, असं बरंच होतं. ते समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर विधेयक संपलं. पक्ष कोणताही असो, आपल्याकडे मत मागायला येणाऱ्यांपैकी कोणाच्या तोंडी मी या विधेयकाचं नाव ऐकलं नाही.

तोवर विचारायचं ते आपणच. रविवारी भेटायला गेलात तर फळं ठेवल्यावर चार्ट मागा. गोळीचं औषधी नाव, डोस, वेळ, देणाऱ्याची सही, न दिल्यास कारण. शेवटचं उभ्याने मोजलेलं बी.पी. किती आणि कोणत्या तारखेला. दाब शंभरच्या खाली असेल तर गोळी द्यायची की थांबून डॉक्टरांना फोन करायचा, हे डॉक्टरांनी लिहून दिलंय का. आणि ड्रॉवरमध्ये निफेडिपिनच्या जुन्या कॅप्सूल पडल्यात का, तेही बघा. अजून काही ठिकाणी सापडतात.